संकरित घटपर्णीतील गुणांचा वारसा

उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील पाणथळ, निकस जमिनीत सॅरॅसेनिया ही कीटकभक्षक घटपर्णी वाढते. तिच्या दोन जातींच्या संकरातून निपजणाऱ्या झाडांचे घट आकाराने बहुधा मधलेच असतात. रंगाची गोष्ट मात्र निराळी आहे. लाल रंगद्रव्याचा अभाव हा अप्रभावी गुण होय. शुद्ध तांबूस व निव्वळ हिरव्या झाडांच्या संकरात पहिली पिढी तांबूसच निघते. हिरवा गुण लोपला असे वाटते. परंतु त्याच पिढीच्या आपसांतील संकरातून सुमारे एक-चतुर्थांश रोपे पुन्हा हिरवी उगवतात. संकरित ज्वारीचे घरचे बी पेरून पाहिलेल्या शेतकऱ्यास हे नवल वाटणार नाही. म्हणूनच पसंतीची संकरित घटपर्णी बियांपासून न वाढविता जमिनीतील खोडाचे तुकडे लावून वाढवितात.