हिमालयाच्या उतारावरची भांग

कुमाऊँ-गढवालपासून कुल्लूपर्यंत हिमालयाच्या मधल्या उतारांवर भांग कुणी न पेरताही उगवते. गोठ्यालगत किंवा ओस पडलेल्या घरांमागे, जिथे जमिनीत शेणखत मुरलेले असते, तिथे ती विशेष माजते. झाड एका वर्षाचे. वसंतात बी रुजते, पावसाळ्यात ते माणसाच्या डोक्यावर जाते, दिवस लहान होऊ लागले की फुलते आणि थंडीच्या तोंडाशी बी गाळून वाळते. नर आणि मादी झाडे वेगळी असून पराग वाऱ्यावर जातो.

डोंगरातल्या माणसाला हे झाड मुख्यतः वाखासाठी हवे होते. खोडे पाण्यात कुजवून साल सोलायची, वाख काढून दोर वळायचे. गढवालात याच वाखाचे ‘भंगेला’ हे जाडेभरडे कापड विणत. बियांना नशा नसते. त्यांत सुमारे 30 टक्के तेल आणि भरपूर प्रथिने असतात. कुमाऊँमध्ये त्या भाजून, वाटून केलेली चटणी आजही रोजच्या जेवणात असते. नशेचे द्रव्य साठते ते प्रामुख्याने मादी फुलांवरच्या राळेत. फुलोरा म्हणजे गांजा, पाने म्हणजे भांग आणि राळ म्हणजे चरस.

मलाणा हे कुल्लू जिल्ह्यातले अडीच हजार मीटरहून अधिक उंचीवरचे गाव. ओला फुलोरा तळहातांवर मळून काढलेल्या तिथल्या चरसला परदेशी पर्यटकांमुळे बाजार मिळाला आणि घरगुती वापराच्या पिकाचे चोरट्या व्यापाराचे पीक झाले.

1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने या झाडाचे जणू अवयवच वाटून घेतले. चरस आणि गांजा निषिद्ध; फुलोऱ्याविना असलेली पाने आणि बिया मात्र गांजाच्या व्याख्येबाहेर. परवान्याशिवाय लागवड केल्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. तरीही दुर्गमपणाचा आडोसा घेतला जातोच. महाराष्ट्रात शिरपूर तालुक्यातल्या सातपुड्याच्या वनजमिनीवरचा गांजा पोलिसांनी वेळोवेळी उपटला आहे.

याच कायद्याचे कलम 14 वाख आणि बियांसाठी लागवडीला परवानगी देण्याची मुभा सरकारला देते. तिचा आधार घेत उत्तराखंडने 2018 मध्ये परवान्याची वाट खुली केली. अट अशी, की पिकातले टीएचसी हे नशेचे द्रव्य 0.3 टक्क्यांच्या वर जाता कामा नये. कागदावर ही अट सोपी दिसते, उतारावर नाही. स्थानिक बियाण्यात हे प्रमाण बहुधा जास्त असते आणि ते झाडागणिक बदलते. कमी नशेचे बियाणे बाहेरून आणून पेरले, तरी भोवतालच्या रानभांगेचा पराग वाऱ्याबरोबर शेतात येतो. त्या पिकाचे बी राखून पुढच्या साली पेरले, की संकराची झाडे उगवतात आणि मर्यादा ओलांडली जाण्याची शक्यता वाढते. त्यामुळे घरचे बी राखण्याची सवय असलेल्या शेतकऱ्याला दरवर्षी प्रमाणित बियाणे विकत घ्यावे लागते आणि पीक तपासून घ्यावे लागते. चार-दोन नाली (तिकडचे जमिनीचे छोटे माप) जमिनीच्या धन्याला हा खर्च जड जातो.