शिकागोचा बंगला, रंगाच्या आतला

शिकागोत ‘बंगलो’ म्हटलं की मलबार हिलवरचा बंगला डोळ्यांसमोर आणू नये. ते असतं दीड मजल्याचं, विटांचं, रस्त्याकडे तोंड अरुंद आणि मागे लांबवर गेलेलं घर. २५ फूट रुंद आणि १२५ फूट लांब हा तिथल्या प्लॉटचा नेहमीचा आकार, त्यात ते बरोबर बसतं. शब्द मात्र आपल्याकडचाच. बंगाली धाटणीच्या बैठ्या घराला ‘बंगला’ म्हणत, तो शब्द इंग्रजांनी उचलला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तो अमेरिकेत रुजला. १९१० ते १९४०च्या दरम्यान शिकागोत असे सुमारे ८० हजार बंगले उभे राहिले. शहरातल्या स्वतंत्र घरांपैकी जवळजवळ एक तृतीयांश घरं या एकाच प्रकारची आहेत. कामगार आणि कारकून कुटुंबांना भाड्याच्या खोल्यांतून स्वतःच्या दारात आणलं ते या विटांनी.

आता ही घरं शंभरीच्या आसपास आली आहेत. म्हातारे मालक जातात, मुलं दुसऱ्या राज्यांत असतात, मग घर एखादा गुंतवणूकदार घेतो. काही महिन्यांत भिंती पाडून हॉल मोठा होतो, स्वयंपाकघरात पांढरी कपाटं येतात, जमिनीवर करड्या रंगाच्या पट्ट्या बसतात आणि घर पुन्हा बाजारात येतं. याला तिथे ‘फ्लिप’ म्हणतात. ‘संपूर्ण नूतनीकरण, बहुसांस्कृतिक वस्ती’ अशा अर्थाची जाहिरात वाचून जे जातात त्यांत भारतीय कुटुंबंही असतात, विशेषतः वेस्ट रिज भागात.

वेस्ट रिज शहराच्या उत्तर टोकाला आहे. इथल्या डेव्हन अव्हेन्यूवर १९७४ साली पटेल ब्रदर्सचं पहिलं किराणा दुकान उघडलं. आज त्याच रस्त्याच्या वेगवेगळ्या तुकड्यांना गांधी, महंमद अली जिना आणि गोल्डा मेयर यांची मानाची नावं आहेत, आणि पाट्या बघत चालत गेलं तर तिन्ही नावं एकाच फेरीत भेटतात. सनातनी ज्यू कुटुंबं, हैदराबादी, गुजराती, पाकिस्तानी, असीरियन ख्रिस्ती, अलीकडे म्यानमारमधून आलेले रोहिंग्या, सगळे याच परिसरात राहतात. मागच्या गल्ल्यांत विटांचे बंगले रांगेने उभे आहेत.

घर बघायला गेलेल्या माणसाचे पाय आपोआप स्वयंपाकघराकडे वळतात. खरं तर त्याने आधी तळघरात उतरावं.

शिकागोत पावसाचं पाणी आणि सांडपाणी एकाच नळातून वाहतं. जोराचा पाऊस झाला, मुख्य वाहिनी भरली, की तेच पाणी उलटं फिरून तळघराच्या मोरीतून वर येतं. शहराच्या पोटात १९७५पासून १०९ मैलांचे बोगदे खोदले गेले ते हेच पाणी साठवायला, तरी तळघरं भिजायची पूर्ण थांबलेली नाहीत. म्हणून तळघरात नव्या पांढऱ्या भिंती, गालिचा आणि आणखी एक ‘बेडरूम’ दिसली, तर त्या भिंतीमागे काय आहे हे विचारायला हवं. बॉयलरच्या मागे किंवा जिन्याखाली एखादा कोपरा न झाकलेला राहतो. तिथे विटेवर बोट फिरवावं. पांढरी भुकटी बोटाला लागली तर तो लोणा आहे. कोकणातल्या माणसाला तो काय सांगतो हे समजावून द्यायला नको. मोरीजवळ उलटं पाणी अडवणारी झडप आहे का, पाणी उपसणारा पंप आहे का, हेही तिथेच कळतं. बाहेर रस्त्यापर्यंत जाणारा गटाराचा नळ बहुधा जुना, मातीचा असतो आणि झाडांची मुळं त्यात शिरतात. आत कॅमेरा सोडून तो तपासता येतो. ही तपासणी काहीशे डॉलरांत होते, आणि ती टाळणं हा सगळ्यात महाग पडणारा कंजूषपणा आहे.

तळघरातच दुसरी गोष्ट दिसते: रस्त्यावरून घरात येणारा पिण्याच्या पाण्याचा नळ. ज्या जागी तो जमिनीतून वर येतो तिथे त्याला नाण्याने हलकेच खरवडावं. आतून चांदीसारखा चकचकीत धातू निघाला आणि लोहचुंबक चिकटला नाही, तर तो शिशाचा आहे. शिकागोच्या नियमांनी घरापर्यंत शिशाचेच नळ टाकायला लावले होते. १९८६ साली केंद्राने बंदी घातली तेव्हा ते थांबलं. आजही शहरात असे सुमारे ४ लाख नळ आहेत, अमेरिकेतल्या कुठल्याही शहरापेक्षा जास्त. लहान मुलांच्या मेंदूला शिसं थोडंही घातक असतं. सिंकवर कितीही देखणी तोटी बसवली तरी पाणी येणार त्याच नळातून. तो बदलायला दहा-पंधरा हजार डॉलरच्या पुढे खर्च जातो, तेव्हा ही गोष्ट भाव ठरण्याआधी कळलेली बरी. १९७८पूर्वीच्या घरांत रंगातही शिसं असू शकतं. विकणाऱ्याला त्याची जेवढी माहिती आहे तेवढी लेखी द्यावी लागते आणि घेणाऱ्याला स्वतःची चाचणी करायला कायद्याने साधारण १० दिवस मिळतात. बरेच जण ते दिवस घाईत सोडून देतात.

आता वस्तीबद्दल. घर दाखवणाऱ्या एजंटला ‘इथे भारतीय किती आहेत?’ असं विचारलं तर तो बहुधा उत्तर देत नाही. त्याला तुसडा समजू नये. वंश, धर्म, मूळ देश पाहून ग्राहकाला एखाद्या वस्तीकडे वळवणं किंवा तिथून दूर ठेवणं अमेरिकेत बेकायदा आहे, आणि हा नियम याच शहराने मोठी किंमत मोजून मिळवला आहे.

बंगल्यांचे हे पट्टे एकेकाळी फक्त गोऱ्यांचे होते. १९२०च्या दशकापासून शिकागोत अनेक ठिकाणी घराच्या कागदपत्रांतच अट असे की हे घर काळ्या माणसाला विकायचं नाही. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा अटी न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत असा निर्णय दिला, तरी बँका आणि दलाल बधले नाहीत. १९६६ साली मार्टिन ल्यूथर किंग शिकागोत राहायला आले, ते घरांच्या हक्कासाठी. ५ ऑगस्टला मार्क्वेट पार्क या बंगल्यांच्याच भागात मोर्चा नेताना त्यांच्या डोक्याला दगड लागला. ४ एप्रिल १९६८ला मेम्फिसमध्ये त्यांची हत्या झाली आणि एका आठवड्यात, ११ एप्रिलला, समान घरहक्काच्या कायद्यावर सही झाली. आज डेव्हनमागच्या गल्लीत एखादं मराठी कुटुंब निर्धास्तपणे किल्ली घेऊ शकतं, त्याच्या मुळाशी हा कायदा आहे. वस्ती कशी आहे हे एजंटला विचारण्यापेक्षा रविवारी दुपारी आणि एखाद्या कामाच्या दिवशी रात्री तिथे पायी हिंडून पाहावं.

पैशांचं गणित थोडक्यात. शहराच्या हस्तांतरण करात घेणाऱ्याचा वाटा दर ५०० डॉलरला ३.७५ डॉलर, म्हणजे ४ लाखांच्या घरावर ३ हजार. शिवाय वार्षिक मालमत्ता कर. जुन्या पडक्या घराच्या मूल्यांकनावर आलेलं बिल पाहून हुरळून जाऊ नये. नवं मूल्यांकन झालं की आकडा चढतो. आणि विकणाऱ्याने घर घेऊन ९० दिवसही झाले नसतील, तर सरकारी हमीचं एफएचए कर्ज त्या व्यवहाराला मिळत नाही. इलिनॉयमध्ये करार झाल्यावर वकिलाकडून तो तपासून घ्यायला साधारण पाच कामाचे दिवस ठेवण्याची रीत आहे, ती पाळावीच.

शेवटची गोष्ट फुकट आहे. शिकागोच्या बांधकाम खात्याच्या संकेतस्थळावर घराचा पत्ता टाकला की त्या घरासाठी काढलेले परवाने दिसतात. भिंत पाडली, वायरिंग बदललं, तळघरात न्हाणीघर काढलं, या सगळ्याला परवाना लागतो. घरात नवं सगळं आहे आणि यादीत काहीच नाही, तर पाणी कुठेतरी मुरतंय. घर बघायला जाण्याच्या आदल्या रात्री ती यादी जरूर पाहा.