ताट कोणी उचलायचे?

देवपूरच्या वसतिगृहात दाखल झालो त्या दिवशी, जेवण आटोपल्यावर मी ताट तसेच ठेवून उठलो. आमच्या घरची रीत तशी होती. वाढणाऱ्यानेच ताटे उचलायची. येथे मात्र जेवणाऱ्याने आपले ताट आपणच घासून चळतीवर ठेवावे, असा नियम होता. दोन्ही रीती आपापल्या जागी योग्यच. गोंधळ होतो तो एकाने एक आणि दुसऱ्याने दुसरी रीत गृहीत धरली म्हणजे. मग ताट तेथेच पडून राहते. पुढे संगणकाच्या आज्ञावल्या लिहिण्याच्या व्यवसायात हाच प्रश्न पुन्हा समोर आला. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांना तो समजावा, एवढाच या लेखाचा हेतू.

आज्ञावल्या स्थूलमानाने दोन प्रकारच्या असतात. सी भाषेत लिहिलेल्या आज्ञावलीचे थेट प्रोसेसरच्या यंत्रभाषेत रूपांतर होते आणि स्मृतीचा हिशेब लिहिणाऱ्यालाच ठेवावा लागतो. हिला ‘नेटिव्ह’ म्हणतात. याउलट मायक्रोसॉफ्टने २००२ साली आणलेल्या डॉटनेटवर सी-शार्प भाषेतील आज्ञावली एका देखरेख करणाऱ्या व्यवस्थेखाली चालते, ती ‘मॅनेज्ड’. यंत्रांशी बोलणारी आज्ञावली पुष्कळदा पहिल्या प्रकारची असते, तर पावती छापणारी, हिशेब ठेवणारी दुसऱ्या प्रकारची. म्हणून दुसरीला पहिलीतील फंक्शनांना हाक द्यावी लागते.

ही हाक कशी द्यायची, याचे संकेत ठरलेले आहेत. त्यांना ‘कॉलिंग कन्व्हेन्शन’ म्हणतात. ३२ बिटी विंडोजवर हाक देणारा आपली मूल्ये ‘स्टॅक’वर, म्हणजे स्मृतीतील एका चळतीवर, ठेवतो. काम झाल्यावर ती तेथून कोणी काढायची? ‘सीडेकल’ या संकेतानुसार हाक देणाऱ्याने. ‘स्टँडर्ड कॉल’नुसार हाक घेणाऱ्याने. दोहोंमागे कारणे आहेत. सी भाषेतील प्रिंटएफसारख्या फंक्शनला दर वेळी वेगवेगळ्या संख्येने मूल्ये देता येतात. नेमकी किती ठेवली हे ठेवणाऱ्यालाच ठाऊक, म्हणून काढायचीही त्यानेच. मूल्यांची संख्या ठरलेली असेल, तर सफाईची आज्ञा प्रत्येक हाकेपाशी लिहिण्यापेक्षा फंक्शनच्या शेवटी एकदाच लिहिणे सोयीचे. विंडोजची स्वतःची बहुतेक फंक्शने याच दुसऱ्या रीतीने चालतात.

अडचण अशी, की डॉटनेटमध्ये संकेत स्पष्ट न लिहिल्यास विंडोजवर स्टँडर्ड कॉल गृहीत धरला जातो. सी भाषेचे कंपायलर मात्र सामान्यतः सीडेकल धरतात. मग सफाई कोणीच करत नाही. चार-चार बाइटांची दोन मूल्ये दिली असतील, तर प्रत्येक हाकेगणिक आठ बाइट चळतीवर तसेच राहतात. उलट चूक झाली तर दोघेही सफाई करतात आणि दुसऱ्याच कोणाचे ताट उचलले जाते.

ही चूक मी स्वतः केली आहे. एका जिनिंगच्या भुईकाट्यासाठी मी पावतीची आज्ञावली लिहिली होती. काट्याबरोबर आलेली लायब्ररी सी भाषेतील होती आणि मी संकेत लिहायचा विसरलो होतो. तरीही आज्ञावली काही वर्षे सुरळीत चालली, कारण त्या काळचे डॉटनेट अशी बिघडलेली चळत मुकाट्याने सावरून घेत असे. २०१० साली आलेल्या चौथ्या आवृत्तीत, वेग वाढविण्यासाठी, ही सावरासावर बंद झाली. मी आज्ञावली नव्या आवृत्तीवर नेली आणि ऐन हंगामात ती मधूनच कोसळू लागली. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली. मी काट्यावर संशय घेतला, लायब्ररीवर घेतला. दोष माझ्या घोषणेतील न लिहिलेल्या एका शब्दाचा होता. कोणीतरी झाकून घेत होते, म्हणून तो मला दिसला नव्हता.

उपाय सोपा आहे. ‘डीएलएल इम्पोर्ट’च्या घोषणेत ‘कॉलिंग कन्व्हेन्शन’ स्पष्ट लिहावे. ते तर्काने ठरवू नये. लायब्ररीच्या हेडर फाइलमध्ये पाहून ठरवावे. नेटिव्ह आज्ञावली उलट आपल्याला हाक देणार असेल, तर त्या डेलिगेटवरही संकेत नोंदवावा. ६४ बिटी विंडोजवर सामान्यतः एकच संकेत चालतो आणि पहिली चार मूल्ये प्रोसेसरच्या रजिस्टरांतून जातात, त्यामुळे तेथे ही चूक जाणवत नाही. पण जुन्या यंत्रांच्या ३२ बिटी लायब्रऱ्या अजूनही वापरात आहेत.

वसतिगृहात त्या दिवशी मला कोणी रागावले नाही. एका मोठ्या विद्यार्थ्याने माझे ताट उचलले नाही, झाकलेही नाही. फक्त नळ कोठे आहे ते दाखविले. नवशिक्या सहकाऱ्याची चूक मुकाट्याने सावरून घेण्याचा मोह होतो, तेव्हा मला तो नळ आठवतो.