ब्रूडरची ऊब आणि विजेचा हिशेब

कोंबडीच्या पिलांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढे ती दर आठवड्यास सुमारे ३ अंशांनी कमी करीत नेतात. संध्याकाळी ब्रूडरखाली मोकळी पसरलेली पिले पहाटे एकमेकांवर चढून गुदमरलेली आढळतात, असे काही वेळा घडते. ब्रूडर तर रात्रभर चालू होता. मग पिले गारठली कशी? याचे उत्तर साध्या हिशेबाने मिळते.

विजेचा दाब व्होल्टमध्ये, प्रवाह अँपिअरमध्ये, तारेचा रोध ओहममध्ये आणि शक्ती वॅटमध्ये मोजतात. जर्मन शास्त्रज्ञ गेऑर्ग ओहम यांनी १८२७ साली यांपैकी दाब, प्रवाह व रोध यांतील संबंध प्रसिद्ध केला. दाबास प्रवाहाने भागले असता रोध मिळतो. दाबास प्रवाहाने गुणले असता शक्ती मिळते.

उदाहरणार्थ, तापतारेच्या एका ब्रूडरला २३० व्होल्ट दाब मिळत असता त्यातून ४ अँपिअर प्रवाह वाहतो असे समजू. २३० भागिले ४ म्हणजे ५७.५ ओहम हा त्याचा रोध, आणि २३० गुणिले ४ म्हणजे ९२० वॅट ही त्याची शक्ती होय. असा ब्रूडर एक तास चालल्यास ०.९२ युनिट वीज खर्च होते.

आता रात्री दाब १८४ व्होल्टपर्यंत उतरला असे धरू. तापतारेचा रोध जवळजवळ तोच राहतो. म्हणून प्रवाह १८४ भागिले ५७.५ म्हणजे ३.२ अँपिअर होतो, आणि शक्ती सुमारे ५८९ वॅट उरते. दाब पाचव्या हिश्श्याने घटला, पण ऊब एकतृतीयांशाहून अधिक घटली. दाबाबरोबर प्रवाहही उतरतो, हे त्याचे कारण.

यानंतर दोष कोठे आहे ते पाहावे. ब्रूडर चालू असताना मीटरपाशी व ब्रूडरपाशी, अशा दोन्ही ठिकाणी दाब मोजावा. दोन्हीकडे १८४ व्होल्ट असल्यास पुरवठ्याचाच दाब कमी आहे. अशा वेळी ११५ ओहम रोधाची जादा तापतार जोडल्यास सुमारे २९४ वॅट भर पडून तूट बरीचशी निघते. मात्र दाब पूर्ववत होताच ती बंद करावी, नाहीतर पिले अति उष्णतेने धापा टाकू लागतील.

मीटरपाशी २३० आणि ब्रूडरपाशी १८४ व्होल्ट असल्यास मधले ४६ व्होल्ट तारेत अथवा सैल जोडात खर्ची पडत आहेत. ४६ गुणिले ३.२ म्हणजे सुमारे १४७ वॅट उष्णता तेथे निर्माण होते. पिलांखाली भाताचे तूस पसरलेले असता अशा जोडामुळे आग लागण्याचा धोका असतो. जोड ताबडतोब दुरुस्त करून तार पुरेशा जाडीची घालावी.

बल्बची तार कमी दाबावर थंड होऊन तिचा रोध घटतो. म्हणून वरील हिशेब बल्बला अंदाजानेच लागू पडतो. विजेच्या मोटारीस तो तसाच लावू नये. मोजमाप व दुरुस्ती परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. पिलांच्या उंचीवर टांगलेला तापमापक मात्र प्रत्येक कुक्कुटपालकाने स्वतः रात्री एकदा व पहाटे एकदा पाहावा.