एसी चालू, पण हवाच नाही? ब्लोअर मोटार बदलण्याआधी हे तपासा

माजलगावच्या मे महिन्यात कारचा ब्लोअर बंद पडला, की एसी असून नसल्यासारखाच. एसी आणि हीटर, दोन्हींचा पंखा हाच.

पंखा फक्त ४ नंबरवर फिरतोय? मग मोटार शाबूत आहे, रेझिस्टर जळालाय. फुल्ल स्पीडला वीज त्याला वगळून थेट मोटारीत जाते. या स्वस्त भागापायी अख्खी मोटार बदलू देऊ नका.

कुठल्याच नंबरवर फिरत नसेल तर आधी फ्यूज बघा. मग ग्लोव्हबॉक्सच्या मागे, मोटारीच्या कपलरवर मल्टीमीटर लावा. १२ व्होल्ट येऊनही मोटार गप्प, तर ती गेली. हलकं ठोकल्यावर फिरली तर बहुधा कार्बन ब्रश झिजलेत.

नवी बसवताना केबिन फिल्टरही झटका. तो धुळीनं तुंबला की रेझिस्टरला गार करणारी हवाच अडते.