अकिलीस की अखिल्लेउस?

ट्रॉयच्या युद्धाकडे वळण्याआधी आज फक्त नावांविषयी बोलू.

पलटणीत आमची एक शिस्त होती. जवान नागालँडचा असो की केरळचा, त्याचं नाव त्याच्याच तोंडून ऐकायचं आणि तसंच हाक मारायचं. ग्रीक वीरांना हा मान क्वचितच मिळतो, कारण त्यांची नावं आपल्यापर्यंत आली ती रोमन लिपीतून आणि इंग्रजांच्या तोंडून.

ओडिसीतली चेटकीण घ्या. ग्रीकात ती किर्के. रोमन लोकांनी 'क'साठी 'सी' हे अक्षर वापरलं आणि उच्चार 'क'च केला. पुढे त्या 'सी'चा उच्चार बदलला आणि इंग्रजीत बाईंची 'सर्सी' झाली. पाताळाच्या दारातला कुत्रा केर्बेरोस, तोही असाच 'सर्बेरस' झाला.

खरी गंमत पुढे आहे. प्राचीन ग्रीकात क-ख, त-थ, प-फ हे वेगवेगळे ध्वनी होते. इंग्रजाची इथे तारांबळ उडते, आपण मात्र ते बाराखडीतच गिरवलेले असतात. म्हणून अखिल्लेउसमधला ख 'खडू'तला, अथेनामधला थ 'थंडी'तला. अफ्रोदीतेमधला फ मात्र ओठ मिटून म्हणा, दात लावून नको.

याला पुरावा? आपल्याच लिप्यांतला आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात अगाथोक्लेस या ग्रीक राजाने नाण्यांवर ब्राह्मीत नाव कोरून घेतलं, त्यात स्वच्छ 'थ' आहे. थेओफिलोस राजाच्या खरोष्ठी लेखात 'थ' आणि 'फ' दोन्ही सापडतात. कोरणाऱ्यांचे कान तयार होते!

शेवटचा 'ए' गिळू नका: पेनेलोपे, पेर्सेफोने, नीके. बूटवाली कंपनी स्वतःला 'नायकी' म्हणवते, तिला म्हणू दे. विजयाची देवी नीकेच. झ्यूसला 'झेउस' म्हणा, 'एउ' एका दमात. वेदांतल्या द्यौस् या नावाशी त्याचं सख्खं नातं आहे.

आजच्या अथेन्समध्ये मात्र हे उच्चार ऐकू येणार नाहीत. तिथे अथेनाची 'अथिना' झाली आहे आणि तिचा 'थ'ही जीभ दातांत धरून म्हणतात. दोन हजार वर्षांत भाषा सरकतेच, त्यांना दुरुस्त करायला जाऊ नका.

आणि हर्क्युलिस? ते लॅटिन रूप. आपल्या हवाई दलाचं सी-१३०जे विमान 'सुपर हर्क्युलिस'च राहील, त्याचं बारसं झालेलं आहे. बारा अचाट कामं करणारा वीर मात्र हेराक्लेस, आणि पुढच्या भागात मी त्याला त्याच नावाने हाक मारणार आहे.