चार पट्ट्यांचा उंदीर : सव्वादोनशे वर्षांचा मागोवा

पाठीवर खारीसारखे लांब काळसर पट्टे असलेला, दिवसाउजेडी गवतात चरणारा छोटा उंदीर दक्षिण आफ्रिकेत सर्रास आढळतो. 1784 मध्ये लिनियसचे शिष्य आंदेर्स स्पारमान यांनी केपकडच्या अशा उंदराला ‘पुमिलिओ’ हे जातिनाम दिले आणि घरच्या उंदराच्या ‘मुस’ प्रजातीतच त्याची गणना केली.

पुढे आफ्रिकेतून लंडनच्या संग्रहालयात कातडी येत गेली, तसे त्यांच्यातले फरक दिसू लागले. 1893 मध्ये ‘बेचुआनी’ आणि 1897 मध्ये ‘डिलेक्टस’ ही नावे पडली. 1905 मध्ये रॉबर्ट रॉटन यांनी या उंदरांची नव्याने छाननी करून ‘इंटरमिडियस’सह आणखी प्रकार वेगळे केले. रॉटन तीसहून अधिक वर्षे मुंबई इलाख्याच्या वनखात्यात होते. निवृत्तीनंतर त्यांनी सस्तन प्राण्यांच्या वर्गीकरणाला वाहून घेतले. 1916 मध्ये ओल्डफील्ड थॉमस यांनी या उंदरांसाठी ‘राब्डोमिस’ ही स्वतंत्र प्रजाती स्थापली.

त्यानंतरचा काळ एकत्रीकरणाचा. रंगछटांमधले फरक स्थानिक मानले गेले आणि विसाव्या शतकात बराच काळ प्रजातीत ‘पुमिलिओ’ ही एकच जाती उरली. नामाक्वालँडच्या रखरखीत भागात हे उंदीर कुटुंबाने राहतात, पूर्वेकडच्या ओलसर गवताळ प्रदेशात एकेकटे. एकाच जातीची ही लवचीकता, असा त्याचा अर्थ लावला जाई.

2003 मध्ये मायटोकाँड्रियातील डीएनएने या समजाला धक्का दिला. ‘डिलेक्टस’ वेगळी जाती ठरली. तिच्यातही काही उंदरांत 46, तर काहींत 48 गुणसूत्रे आढळली. 2012 च्या अभ्यासाने चार जाती सुचवल्या : पुमिलिओ, इंटरमिडियस, बेचुआनी आणि डिलेक्टस. प्रत्येकीचा अधिवास बव्हंशी निराळा. म्हणजे वाळवंटातले कुटुंबवत्सल उंदीर आणि गवतातले एकांडे उंदीर मुळात दोन जातींचे होते. अर्थात, लवचीकता खोटी ठरली नाही. गर्दी कमी झाली की नामाक्वालँडचे उंदीरही एकेकटे राहतात. पण दोन जातींमधला फरक आणि एका जातीतला बदल या गोष्टी आता वेगळ्या मोजता येतात.

या चार जातींसाठी एकही नवे नाव घडवावे लागले नाही. सगळी 1905 पर्यंत दिलेली होती. रॉटन यांच्या पिढीकडे जनुके नव्हती. होती ती कातडी, कवट्या आणि त्या कुठून आल्या याच्या नोंदी. वर्गीकरण हे केवळ नावे देण्याचे काम समजून संग्रहालयांकडे दुर्लक्ष करणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा. जनुकांनी उलगडलेली वंशावळ प्रत्यक्ष प्राण्याशी जोडायला तीच कातडी आणि त्याच नोंदी लागतात.